किल्ला गेला, वाडी राहिली

इ.स. १७३९ च्या मे महिन्यात वसईच्या किल्ल्यावरचा पोर्तुगीज ध्वज खाली उतरला. १६ मे रोजी शरणागतीचा करार झाला आणि त्यानंतर आठवडाभरातच पोर्तुगीज सैनिक, अंमलदार, जमीनदार आणि युरोपीय धर्मगुरू आपापली चीजवस्तू घेऊन गलबतांत बसले व वसईचा किनारा सोडून निघून गेले. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला होता. तेव्हापासून दोन शतकांहून अधिक काळ चाललेला अंमल त्या आठवड्यात संपुष्टात आला.

इतिहासाच्या पुस्तकातील प्रकरण बहुधा येथेच संपते. मराठ्यांच्या दृष्टीने तो विजयाचा क्षण, पोर्तुगिजांच्या दृष्टीने पराभवाचा. परंतु वसईच्या वाड्यांत, आगरांत आणि कोळीवाड्यांत हजारो माणसे अशीही होती, की जी विजयी झाली नव्हती आणि गलबतात बसून जाणारीही नव्हती. ती धर्माने ख्रिस्ती होती. भाषेने, कष्टाने आणि नात्यागोत्याने याच मातीची होती. ज्यांनी त्यांना धर्म दिला ते निघून गेले होते. ज्यांनी त्यांच्यावर सत्ता चालवली तेही गेले होते. आपल्याला आपल्या श्रद्धेसह येथे राहू देतील का, मुलांना स्नानसंस्कार कोण देईल, मरताना उशाशी धर्मगुरू असेल का, हे प्रश्न त्या रात्री कित्येक घरांत जागत असतील.

तेव्हा काय घडले आणि ही माणसे त्या चिंतेतून कशी तरली, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकाचा नाही. घर, गाव, व्यवसाय, भोवतालचा समाज हे सारे डोळ्यांदेखत पालटत असताना श्रद्धावंताने काय करावे, हा आपल्याही घरातला प्रश्न आहे. म्हणून आपल्याच पूर्वजांच्या अनुभवाकडे थोडे बारकाईने पाहू या.

तलवारीच्या सावलीतला क्रूस

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. सोळाव्या शतकात ख्रिस्ताचे शुभवर्तमान वसईत आले ते राजसत्तेच्या सोबतीने आले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन व्रतस्थांनी येथे अपार कष्ट केले. त्यांनी शाळा काढल्या, अनाथांचा सांभाळ केला, रुग्णांची सेवा केली. संडोर, पापडी, रमेदी, निर्मळ, आगाशी, नंदाखाल, पाली, माणिकपूर या नावांशी आपल्या मनात ज्या चर्चच्या घंटा निगडित आहेत, त्या धर्मग्रामांचा उगम त्याच काळातला. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा मुलगा येशूसंघीयांच्या शाळेत शिकला, पुढे जपानला गेला, फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाला.

पण त्याच राजवटीने हिंदू बांधवांची देवळे पाडली, त्यांच्या सणासमारंभांवर बंधने घातली आणि गोव्याच्या धर्मन्यायासनाचा धाक उत्तर कोकणापर्यंत पोहोचवला. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या माणसांनी मराठ्यांना साहाय्य केले त्यामागे ही दुखावलेली मने होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळात केलेल्या अशा पापांबद्दल जाहीरपणे परमेश्वराची क्षमा मागितली. वसईच्या इतिहासाकडे पाहताना आपण ही क्षमायाचना विसरू शकत नाही.

याचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. ज्या श्रद्धेला दोन शतके सत्तेचा टेकू होता, तिच्याविषयी कोणीही विचारू शकत होते, की हे लोक ख्रिस्ताचे आहेत की पोर्तुगालच्या राजाचे? हा प्रश्न शेजाऱ्यांच्या मनात होता. कदाचित तो ख्रिस्ती माणसाच्या स्वतःच्या मनातही असेल. टेकू असेपर्यंत त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते.

वेढा, करार आणि घंटा

१७३७ च्या मार्चमध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती आले आणि साष्टीचा बहुतेक प्रदेश त्यांच्या ताब्यात गेला. १७३९ च्या प्रारंभी चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला. तीन महिने झुंज चालली. किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग पेरले गेले, बुरूज ढासळले, दोन्ही बाजूंची फार मोठी मनुष्यहानी झाली. अखेर अन्नधान्य आणि दारूगोळा संपत आलेल्या पोर्तुगिजांनी तहाची बोलणी केली.

या तहाकडे आपण कृतज्ञतेने पाहिले पाहिजे. जे ख्रिस्ती लोक स्वेच्छेने मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक असावी, काही चर्चे त्यांच्यासाठी राखली जावीत, असे त्यात ठरले. इतक्या रक्तपातानंतर विजेत्याने सूड उगवला असता तर त्या काळाच्या रीतीत ते आश्चर्याचे ठरले नसते. पण तसा सरसकट सूड उगवला गेला नाही. १७६० च्या सुमारास अँकेतिल द्यु पेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून प्रवास करीत असता ठाण्याला ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने एकत्र जमून उघडपणे आपला सण साजरा करीत असल्याचे त्याला आढळले.

तरीही नुकसान व्हायचे ते झालेच. अनेक चर्चे लढाईत पडली, अनेक ओस पडली. त्यांच्या मनोऱ्यांवरच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील सुप्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. आजही त्या घंटा तेथील भाविक आदराने वाजवतात. आता त्याविषयी मनात किल्मिष बाळगण्याचे कारण नाही. परंतु १७३९ सालच्या वसईकराच्या मनाची कल्पना करून पाहा. पहाटे ज्या घंटेच्या नादाने घर जागे होई, दुपारी ज्या घंटेने शेतातला नांगर थांबे, संध्याकाळी जिच्या टोल्याबरोबर अंगणात हात जोडले जात, ती घंटा बैलगाडीत घालून घाटावर गेली. दिवसाची घडीच विस्कटली. जीवनातील बदल म्हणजे नुसत्या मोठ्या घडामोडी नसतात; रोजचा ओळखीचा आवाज ऐकू येईनासा होतो, तेव्हा माणसाला बदल खऱ्या अर्थाने कळतो.

तीन वाटा

त्या परिस्थितीत लोकांपुढे तीन वाटा होत्या.

पहिली वाट निघून जाण्याची. ज्यांचे पोर्तुगीज घराण्यांशी नाते होते, ज्यांची उपजीविका किल्ल्यावर अवलंबून होती, त्यांच्यातील अनेकांनी गोवा, दमण, मुंबई गाठली. दुसरी वाट पूर्वजांच्या धर्मात परत जाण्याची. काही कुटुंबांनी त्याच काळात ती धरली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्ती आगरी समाजातले पुष्कळ लोक हिंदू धर्मात परतले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याच्या पूर्वजांच्या मनाला विचारले गेले नव्हते, त्याने मन मोकळे होताच निराळा निर्णय घेतला असेल, तर त्याचा न्याय करणारा परमेश्वर आहे.

तिसरी वाट राहण्याची. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा अनेक ज्ञातींतील ख्रिस्ती कुटुंबांनी ती निवडली. येथे राहायचे आणि ख्रिस्ताचे म्हणून राहायचे, असा हा निर्णय होता. त्यासाठी कोणी सभा भरवली नाही, ठराव केला नाही. दुसऱ्या दिवशी उठून रहाटाला बैल जुंपले, बावखलाचे पाणी पाटात सोडले, केळीच्या बागेला आणि पानवेलीला ते पोहोचते की नाही हे पाहिले. संध्याकाळी जपमाळ हातात घेतली. त्यांचा निर्णय तो एवढाच.

घराने जपलेली ठेव

युरोपीय धर्मगुरू गेल्यानंतर वसई आणि साष्टीतील ख्रिस्ती जनतेची जबाबदारी मुख्यतः गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंवर पडली. हे गोमंतकीय धर्मगुरू आपल्या इतिहासातील उपेक्षित माणसे आहेत. त्यांच्यामागे आरमार नव्हते, राजाचे फर्मान नव्हते, मोठमोठ्या मठांची उत्पन्नेही नव्हती. संख्येने ते थोडे होते आणि सांभाळायचा प्रदेश अफाट होता. पावसाळ्यात खाड्या भरल्या, की एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणे किती जिकिरीचे, हे वसईच्या जुन्या माणसांना सांगायला नको. अशा स्थितीत धर्मगुरू सर्वत्र आणि सदैव पोहोचणे शक्य नव्हते.

मग श्रद्धा कोणी सांभाळली? येथे थोडा हिशेब करून पाहू. १७३९ साली पोर्तुगीज गेले. मध्ये १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांनी वसई घेतली, पण १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. पेशवाई संपून इंग्रजी अंमल कायम झाला तो १८१८ साली. या दोन सालांमध्ये एकोणऐंशी वर्षांचे अंतर आहे. १७३९ साली दहा वर्षांचे असलेले मूल १८१८ साली जगलेच असते तर एकोणनव्वद वर्षांचे झाले असते. म्हणजे पोर्तुगीज काळात ज्यांनी प्रौढपणी धर्मशिक्षण घेतले होते, त्यांतले कोणीही तेव्हा हयात नव्हते. तीन पिढ्या सरल्या होत्या. सत्तेचे पाठबळ नव्हते, ख्रिस्ती असण्याने नोकरी मिळत नव्हती की मान मिळत नव्हता. तरीही १८१८ साली वसईच्या वाड्यांतून ख्रिस्ती समाज होताच होता. श्रद्धेची ठेव एका हातातून दुसऱ्या हातात किमान तीनदा गेली होती, आणि ते देणारे-घेणारे हात बहुतांशी घरातलेच होते.

मातेने लेकराचे बोट धरून कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूसाची खूण करायला शिकवले. आजीने झोपताना प्रार्थना म्हणून घेतली. गावातल्या जाणत्या माणसाने मृताच्या उशाशी विनंत्या म्हटल्या. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे गीत लोकांच्या ओठांवर राहिले. १६५९ साली फादर फ्रान्सिस्को वाझ द गिमारायस यांनी उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीत एक पुराण रचले होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याची पुन्हा छपाई झाली. जी रचना कोणी म्हणत नाही, ती दोनशे वर्षांनी पुन्हा छापण्याची गरज पडत नाही. किल्ल्यातली भाषा पोर्तुगीज होती आणि ती किल्ल्याबरोबर गेली. वाडीतली भाषा मराठीच होती. त्या भाषेत जेवढी श्रद्धा उतरली होती, तेवढी टिकली.

१८२५ साली अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर वसईला आले, तेव्हा किल्ल्याच्या तटाआड त्यांना चर्चांचे आणि वाड्यांचे भग्नावशेष तेवढे दिसले. छपरे कोसळलेली, भिंतींवर झाडे उगवलेली. दगडी, भव्य आणि सुरक्षित असे जे काही होते ते ओस पडले होते. तटाबाहेरच्या कुडाच्या घरांतून मात्र जपमाळेचा जप चालू होता. किल्ला गेला, वाडी राहिली.

काळजी घेणे आणि काळजी करणे

या घटनेकडे श्रद्धेच्या दृष्टीने कसे पाहायचे? पवित्र शास्त्रात याला एक जवळचा दाखला आहे. यरुशलेम हरवून बाबिलोनमध्ये गेलेल्या इस्रायली लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवले. उद्याच परत जाऊ अशा भ्रमात राहू नका, असा त्याचा आशय होता. त्याने त्यांना घरे बांधायला, मळे लावायला, मुलांची लग्ने करायला सांगितले; ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करायला सांगितले. इस्रायली लोकांना गाव सोडावे लागले होते. वसईकरांचे गाव तेच राहिले, त्याभोवतीचे जग बदलले. पण दोघांचे कर्तव्य एकच होते. जे गेले त्याचा शोक करावा, पण जे हाती उरले आहे त्याची मशागत सोडू नये.

इ.स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले, तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेलाही तडा गेला. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले होते. मग परमेश्वराने त्याचे रक्षण का केले नाही, असा त्यांचा सवाल होता. त्याला उत्तर देण्यासाठी संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहायला घेतला आणि त्यावर सुमारे तेरा वर्षे खर्ची घातली. माणसांनी उभारलेले कोणतेही राज्य म्हणजे देवाचे राज्य नव्हे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. हे लिहिणारा माणूस स्वतः सुरक्षित जागी बसलेला नव्हता. ४३० साली त्यांच्या हिप्पो नगराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडला असतानाच त्यांनी देह ठेवला. चिंता करू नका, असा उपदेश त्यांनी वेढ्याच्या आतून केला, म्हणून त्याला वजन आहे.

आपल्या मराठी भाषेत एक सुंदर भेद आहे. काळजी घेणे वेगळे आणि काळजी करणे वेगळे. काळजी घेणारा हातापायांनी काम करतो. काळजी करणारा मनानेच झिजतो. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे बोट दाखवले, ते आपण हात बांधून बसावे म्हणून नव्हे. पाखरूही दाण्यासाठी दिवसभर उडत असते. उद्याच्या दिवसाचे ओझे आजच्या खांद्यावर घेऊ नये, आपले मोल जाणणारा पिता स्वर्गात आहे हे विसरू नये, हे त्याला सांगायचे होते. वसईच्या शेतकऱ्याने बागेची, बैलांची, लेकराच्या प्रार्थनेची काळजी घेतली. पुढे कोणाचे राज्य येईल, याची काळजी त्याने देवावर सोपवली.

मात्र श्रद्धा म्हणजे नुकसानभरपाईचा विमा नव्हे, हेही या इतिहासातून दिसते. पोर्तुगीज परत आले नाहीत. नेलेल्या घंटा परत आल्या नाहीत. किल्ल्यातली चर्चे पूर्वीसारखी उभी राहिली नाहीत. ज्यांनी पूर्वीचे दिवस पुन्हा यावेत म्हणून प्रार्थना केली असेल, त्यांची ती प्रार्थना त्या रूपात ऐकली गेली नाही. त्यांना मिळाले ते निराळेच. आपली श्रद्धा आपली स्वतःची आहे, ती कोण्या राजाची देणगी नाही, ही खात्री त्यांना मिळाली. शेजाऱ्यांच्या प्रश्नाला, आणि स्वतःच्याही प्रश्नाला, तीन पिढ्यांच्या जगण्यातून उत्तर मिळाले.

नागासाकीचा धागा

वसईचा पुत्र गोन्सालो जेथे हुतात्मा झाला त्या नागासाकीत हाच प्रश्न कितीतरी अधिक कठोर रूपात उभा राहिला. १६१४ साली जपानच्या राज्यकर्त्यांनी संपूर्ण देशात ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकलून दिले गेले किंवा ठार केले गेले. मराठी राज्यात आपल्याला जी मोकळीक होती, तिच्यातला अंशही तेथे नव्हता. देश परकीयांना जवळजवळ बंद झाला. दोनशेहून अधिक वर्षे जपानी ख्रिस्ती लोक लपून राहिले. त्यांच्यात धर्मगुरू नव्हते, मिस्सा नव्हती; प्रापंचिकच मुलांना स्नानसंस्कार देत आणि प्रार्थना तोंडपाठ करून पुढच्या पिढीला सांगत.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी गोन्सालो आणि त्याच्या साथीदारांना संतपद बहाल केले. एकूण सव्वीस हुतात्मे होते ते. त्यानंतर नागासाकीतील ओउरा येथे परकीय व्यापाऱ्यांसाठी एक चर्च बांधण्यास परवानगी मिळाली आणि ते याच सव्वीस हुतात्म्यांना समर्पित करण्यात आले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातील काही शेतकरी स्त्री-पुरुष त्या चर्चमध्ये आले. फादर पेतीजाँ या फ्रेंच धर्मगुरूच्या कानाशी लागून एका स्त्रीने हळूच सांगितले, की जे तुमच्या अंतःकरणात आहे तेच आमच्याही अंतःकरणात आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. सात पिढ्यांचे मौन तेथे सुटले.

वसईच्या एका मुलाच्या नावाने आणि रक्ताने पावन झालेल्या त्या चर्चमध्ये, वसईने जे अनुभवले होते त्याचीच साक्ष जपानी शेतकऱ्यांनी द्यावी, हा मला मोठा अर्थपूर्ण योग वाटतो. दोन्ही ठिकाणी श्रद्धा टिकली ती घरात. आम्हा धर्मगुरूंनी या गोष्टीपुढे नम्र व्हावे. संस्कारांसाठी धर्मगुरू हवाच. जपानी ख्रिस्ती लोकांनीही दोन शतके त्याची वाट पाहिली, आणि तो भेटताच त्याच्याकडे धाव घेतली. परंतु श्रद्धेचे बीज रुजते आणि ओलावा धरते ते आईवडिलांच्या ओसरीवर.

आजची वसई

आज वसई पुन्हा बदलते आहे. यावेळी तोफा नाहीत, वेढा नाही, कोणी शत्रूही नाही. ज्या बावखलांनी शेकडो वर्षे बागा पोसल्या त्यांतली कित्येक बुजली. पानवेली गेल्या, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. हिरवी वसई वाचावी म्हणून ज्यांनी लोकांना संघटित केले, ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. अनेक घरांतील तरुण आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. मोठ्या घरात म्हातारी दोघे आणि भिंतीवरचे फोटो एवढेच उरले आहेत. घरभेटीला गेले म्हणजे हेच सारे ऐकू येते. वाडी विकावी का राखावी? मुलगा परत येईल का? नातवंडांना मराठी येत नाही, मग ती आमच्याबरोबर जपमाळ कशी म्हणणार? शेजारी नवे आहेत, त्यांच्याशी कसे वागावे?

या प्रश्नांना १७३९ साल तयार उत्तरे देत नाही. पण त्या वर्षाने शिकवलेला एक विवेक आपल्या कामी येईल. आपल्या जीवनात किल्ला कोणता आणि वाडी कोणती, हे ओळखावे. समाजातील आपले संख्याबळ, भव्य चर्च, गाजणारे सण, नावाजलेल्या संस्था यांना मोल आहे. त्यांच्या रक्षणासाठी झटलेही पाहिजे. पण ते किल्ल्यासारखे आहे. कधी ना कधी त्याला तडा जाऊ शकतो, आणि तेव्हा परमेश्वराने आपल्याला टाकले असे समजण्याचे कारण नाही. कुटुंबाची एकत्र प्रार्थना, नवराबायकोची निष्ठा, आजारी शेजाऱ्याच्या दारात जाणारी पावले, प्रामाणिक कष्ट, पवित्र शास्त्राचे वाचन ही आपली वाडी. तिची मशागत दुसरे कोणी करणार नाही, आणि आपण केली तर ती कोणी हिरावूनही नेणार नाही. परदेशातल्या मुलाला आईवडिलांनी दिलेली जमीन तेथे नेता येत नाही. त्यांनी शिकवलेली प्रार्थना मात्र तो नेतो.

नव्या शेजाऱ्यांच्या बाबतीतही पूर्वजांचा कित्ता पुढे आहे. मराठ्यांच्या राज्यात ते तोंड फिरवून राहिले नाहीत. त्यांनी हिंदू शेजाऱ्यांबरोबर बांधाला बांध लावून शेती केली, एकाच बाजारात माल विकला, एकमेकांच्या सुखदुःखाला गेले. त्यांची मुळे मराठी भाषेत आणखी खोल गेली. किल्ला पडल्यावर ज्यांचे भवितव्य अंधारात दिसत होते, त्यांच्याच वंशातील फादर दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९९८ साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याचे पहिले बिशप, थॉमस डाबरे, हेही वसईचेच सुपुत्र. १७३९ च्या मे महिन्यात तटाबाहेर उभे राहून गलबते दिसेनाशी होताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते, की संध्याकाळ होत आली आहे आणि बागेला पाणी द्यायचे आहे.

म्हणून वाचकहो, ज्यांच्या घरात आज एखादा मोठा बदल उंबरठ्यावर उभा आहे, त्यांना माझे एकच सांगणे आहे. काय हरवले आणि काय हरवेल याची यादी करण्यापूर्वी, घरात काय उरले आहे ते पाहा. घरातली सर्वांत लहान व्यक्ती क्रूसाची खूण करायला शिकली आहे का, ते पाहा. शिकली नसेल तर आज संध्याकाळीच, जेवणाची पाने मांडण्यापूर्वी, तिचा हात आपल्या हातात घ्या. त्या कामाला कोणत्याही राजाची परवानगी लागत नाही. १७३९ सालीही लागली नव्हती.